डॉर्सल न्यूक्लियसमध्ये शिरतंय की नाही?

कृष्णाकाठ, सांगली
फळमाशीच्या एम्ब्रियोत (भ्रूणात) डॉर्सल या प्रथिनाचं अँटिबॉडीने स्टेनिंग करतोय. अंडी ० ते ३ तासांची, तापमान २५ अंश. एकाच नळीतल्या निम्म्या एम्ब्रियोंत पोटाकडचे न्यूक्लियस झकास चमकतात, बाकीच्यांत सगळीकडे नुसता धूसर रंग. अँटिबॉडी गंडली म्हणावी, तर निम्म्यांत कशी चालली? शिवाय अंडी घ्यायला ठेवलेल्या द्राक्षरसाच्या प्लेटवर माश्या पटापट मरतायत.

अजिंक्यतारा
नळी एक असली तरी वय एक नाही. अंडं घातल्यापासून साधारण दीड तासाने डॉर्सल आत जायला लागतं; त्याआधीचे एम्ब्रियो धूसरच दिसणार.
दुसरी गोम मायटोसिसची, म्हणजे न्यूक्लियसच्या विभाजनाची. विभाजनाच्या १० ते १३ या चक्रांत विभाजनं भराभर होतात, आणि दर वेळी न्यूक्लियसचं आवरण सैल पडून डॉर्सल बाहेर सांडतं. इंटरफेज (दोन विभाजनांमधला काळ) आली की परत भरतं. म्हणून आधी डॅपी (डीएनए चमकवणारा रंग) बघा. गुणसूत्रं आखडलेली दिसली, तर तो एम्ब्रियो मोजायचाच नाही.
पहिल्या तासाची प्लेट फेका, माद्या जुनी अंडी पोटात धरून ठेवतात. मग १ तास घालू द्या, प्लेट काढून २ तास ठेवा. बहुतेक एम्ब्रियो १४व्या चक्रात सापडतील. तिथली इंटरफेज लांबलचक असते, पोटाकडून पाठीकडे उतरत जाणारा रंग तिथेच नीट दिसतो.

काकवी
वरच्याशी सहमत. डॅपीत न्यूक्लियसच नसतील तर अंडं फळलेलं नाही. उन्हाळ्यात खोली ३० अंशांवर गेली की नर वांझ होतात.
द्राक्षं फवारणीची असणार, दुसरं काय! मोलॅसिस-आगरच्या प्लेटवर अंडी घेतातच, आपल्याकडे काकवी घ्या. वर यीस्टची पेस्ट. प्लेटवर पाणी साचू देऊ नका, माश्या चिकटून मरतात.

कृष्णाकाठ, सांगली
डॅपीत धूसरवाल्यांपैकी बरेचसे मायटोसिसमध्येच निघाले. पण दोन इंटरफेजमध्ये आहेत, १४व्या चक्रातले, तरी पोटाकडे काळोख?

अजिंक्यतारा
आधी एम्ब्रियो लोळवून बघा, पाठ वर आली असेल. पाठीकडे कॅक्टस हे प्रथिन डॉर्सलला सायटोप्लाझ्ममध्ये अडकवून ठेवतं. पोटाकडे टोल या रिसेप्टरचा सिग्नल आला की कॅक्टस तुटतं, मग इम्पॉर्टिन हे वाहक प्रथिन डॉर्सलला आत नेतं. डॉर्सल सुमारे ७५ किलोडाल्टनचं, न्यूक्लियसच्या छिद्रातून आपोआप घरंगळण्याइतकं छोटं नाही.
लोळवूनही काळोखच राहिला तर एम्ब्रियोभोवतीचं व्हिटेलाइन आवरण निघालंय का तपासा. मिथेनॉलमध्ये तळाला बसलेलेच एम्ब्रियो घ्या. मधल्या थरात तरंगणाऱ्यांचं आवरण निघालेलं नसतं, त्यांत अँटिबॉडी शिरतच नाही.