मदत हवी आहे: कार्यकारिणीत ऊसतोड कामगार घेताना चेंज रिपोर्ट

बीड भागातली संस्था, १८६०चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५०चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, दोन्हींखाली नोंदलेली. कार्यकारिणीच्या सातपैकी चार जागा आता ऊसतोड कामगारांना, त्यातल्या दोन बायकांना द्यायच्या आहेत.

अडचण हंगामाची. टोळ्या दिवाळीच्या आसपास निघतात त्या मार्च-एप्रिललाच परततात. १९५०च्या कायद्याच्या कलम २२ प्रमाणे बदल झाल्यापासून ९० दिवसांत चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलल्याची धर्मादाय कार्यालयाला द्यायची माहिती) दाखल करायचा. सप्टेंबरात निवड केली, तर संमतीपत्रावरच्या सह्यांसाठी फडावर हिंडावं लागतं. म्हणून निवड मे महिन्यातच घ्यायची, हे नक्की.

सभेची नोटीस संस्थेच्या घटनेत आहे तितके दिवस आधी, पोच घेऊन. हजेरीपटावर सही किंवा अंगठा, आणि आधार व संमतीपत्रावर नाव एकच. ('सुमन' आणि 'सुमनबाई' एवढ्या फरकावरही त्रुटी निघते.)

आता प्रश्न. आधीचा एक चेंज रिपोर्ट प्रलंबित आहे, त्यामुळे परिशिष्ट १ वर (धर्मादाय कार्यालयातली संस्थेची नोंद) जुनेच विश्वस्त दिसतात. तो निकाली निघेपर्यंत थांबावं, की दोन्ही एकत्र चालवायची विनंती करावी? आणि कामगारांसाठी जागा राखून ठेवणारं कलम कुणाच्या घटनेत असेल, तर त्याचा नेमका मजकूर इथे टाकाल का?