‘मॉर्गेज’मधलं मेलेलं काय?

मंजिरी
आमचं घरकर्ज मंजूर झालं त्या दिवशी घरच्या ग्रुपवर मामांनी लिहिलं, “मॉर्गेज म्हणजे मरेपर्यंत फेडायचं कर्ज.” हा अर्थ सगळीकडे फिरतोय आणि तो चुकीचा आहे. शब्द जुन्या फ्रेंचमधला. ‘मॉर्ट’ म्हणजे मेलेलं, ‘गेज’ म्हणजे गहाण. मरण कर्जदाराचं नव्हे, गहाणाचं. पंधराव्या शतकातले इंग्लिश न्यायाधीश लिटल्टन यांनी ते नीट उलगडलंय: ठरल्या दिवशी पैसे दिले नाहीत तर जमीन कर्जदाराला मेली, दिले तर गहाण सावकाराला मेलं. मला हाच अर्थ खरा वाटतो. (एंगेजमेंटमधला ‘गेज’ही हाच, दिलेल्या वचनाचा.)

दस्तलेखक
मामांचं चुकलं हे मान्य, पण लिटल्टन यांचंही पटत नाही. त्यांनी स्वतःच ‘असं वाटतं’ म्हणून लिहिलंय. त्यांच्या आधी जवळपास तीनशे वर्षं, 1187 ते 1189च्या सुमारास, ग्लॅनव्हिल यांच्या नावाने ओळखला जाणारा कायद्याचा ग्रंथ झाला. त्यात मेलेलं गहाण म्हणजे काय ते स्पष्ट आहे. सावकार जमीन ताब्यात घेई, पीक खाई आणि तरी मुद्दलातून दमडी कमी होत नसे. उत्पन्नातून कर्ज फिटत गेलं तर ते गहाण जिवंत. मेलेलं गहाण तेव्हा व्याजखोरीचं पाप मानलं जाई. ते ताब्यात असताना सावकार मेला तर त्याची मालमत्ता व्याजखोराची म्हणून धरत.

हे आपल्याला परकं नाही. व्याजापोटी पीक सावकाराचं आणि मुद्दल जागच्या जागी, असं ताबेगहाण गावोगाव होतं. माझ्या आजोबांचा मळा अकरा वर्षं असाच दुसऱ्याच्या ताब्यात होता. त्या अकरा वर्षांत मुद्दल एका पैशानेही हललं नाही.

मंजिरी
पण दादा, त्या तीनशे वर्षांत व्यवहारच बदलला ना? लिटल्टन यांच्या काळी जमीन अटीवर सावकाराच्या नावे करून देत आणि तारीख चुकली की ती गेली. त्यांनी आपल्या काळातलं गहाण पाहून अर्थ सांगितला, त्याला चूक कसं म्हणायचं?

बांधावरून
मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो. तुम्ही दोघं मुळाशीच अडकलात. तारीख चुकली की जमीन गेली, हा नियम इंग्लंडच्या चॅन्सरी न्यायालयाने (कायद्याच्या शब्दापेक्षा न्याय्य काय ते पाहणाऱ्या) सतराव्या शतकातच मोडीत काढला. मुदत टळली तरी पैसे भरून जमीन सोडवता येऊ लागली. आपल्याकडे 1882च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातलं कलम 60 तेच सांगतं. शब्दातलं मरण घोळवत बसलात तर माणसं हक्क असूनही जमिनीवर पाणी सोडतात. मी असे पक्षकार पाहिलेत, फार वाईट वाटतं.

12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे आणि दस्त जाळले. त्यांना कुठल्या शब्दाच्या व्युत्पत्तीशी देणंघेणं नव्हतं. 1879चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला तो त्या आगीमुळे. दस्तात काय लिहिलंय त्याच्या मागे जाऊन व्यवहार मुळापासून तपासा, असं त्याने न्यायाधीशांना सांगितलं.

दस्तलेखक
वकीलसाहेब, तपासायचं तरी काय होतं? खरेदी की गहाण, हेच ना! म्हणजे भांडण शब्दाचंच. मुदतखरेदीचे, म्हणजे मुदतीत पैसे दिले तर जमीन परत अशा अटीच्या विक्रीचे, दस्त तुम्ही माझ्याहून जास्त पाहिले असतील. वर ‘खरेदीखत’, पोटात कर्ज. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या 1929च्या दुरुस्तीने तर जमीन परत देण्याची अट त्याच दस्तात नसेल तर त्याला गहाण मानायचंच नाही, असं ठरवलं.

आजोबांच्या कागदावर ‘गहाणखत’ लिहिलेलं होतं, म्हणून मुद्दल भरल्यावर मळा सुटला. शेजारच्या आजींच्या कागदावर ‘खरेदीखत’ होतं, परत द्यायचं नुसतं तोंडी ठरलेलं. त्यांच्या विहिरीवर आज दुसऱ्याची मोटर आहे.