बोले तैसा न चाले: रूसोचं काय करायचं?

पाटीपेन्सिल
डी.एड.ला असताना एक ओळ घोकून पाठ झाली होती: 'रूसो, निसर्गवाद, एमिल, १७६२.' रूसो हा अठराव्या शतकातला विचारवंत, 'एमिल' हा मुलांच्या शिक्षणावरचा त्याचा ग्रंथ. हमखास येणारा प्रश्न. मूल म्हणजे छोट्या मापाचा मोठा माणूस नव्हे, त्याला त्याच्या वयाचं जगू द्या, पुस्तकाआधी हातापायांनी शिकू द्या. बावीस वर्षं पहिली-दुसरीचे वर्ग घेतले ते याच शिदोरीवर.

परवा कॉलेजातली लेक सहज म्हणाली, "आई, याने स्वतःची पाचही मुलं जन्मल्या जन्मल्या अनाथालयात टाकली होती ना?" मी उडालेच. शोधलं, तर त्याने स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. तेरेज लव्हासर नावाची, पॅरिसच्या एका खाणावळीत कपडे सांभाळणारी बाई. तिच्यापासून पाच मुलं झाली, पाचही गेली. आणि मग हा गृहस्थ मुलं कशी वाढवावीत यावर जाडजूड ग्रंथ लिहितो! आपल्याकडे 'बोले तैसा चाले, त्याची वंदावी पाउले' म्हणतात. या पाउलांचं काय करू? मला तरी फसवल्यासारखं वाटतंय.

कट्टेकरी
ताई, फसवलं कोणी? तुमच्या वर्गातली पोरं चिंचोके मोजत बेरीज शिकली की नाही? मग झालं. विचार खरा की खोटा हे सांगणाऱ्याच्या घरात डोकावून ठरत नाही. डॉक्टर स्वतः सिगारेट ओढतो म्हणून सिगारेट तब्येतीला चांगली ठरते का?

सुईदोरा
डॉक्टरचं उदाहरण इथे लागू नाही. तो स्वतःचं फुप्फुस जाळतो. याने दुसऱ्यांचे जीव दिले. त्या काळच्या पॅरिसच्या अनाथालयात टाकलेल्या मुलांपैकी बहुतेक वर्षभरही जगत नसत. दूध पाजायला दायाच पुरेशा नव्हत्या. आणि 'एमिल'मध्ये हाच माणूस आयांना सांगतो, मूल दाईकडे देऊ नका, स्वतः पाजा! वाचून मोठ्या घरच्या बायका खरोखर पाजायला लागल्या. तेरेजला ती संधी कोणी दिली? रूसोच लिहितो की तिचं मन वळवताना त्याला फार त्रास पडला, शेवटी ती रडतकढत तयार झाली. तिची आईसुद्धा त्याच्याच बाजूने.

जुना_पेठकर
जरा काळ बघा. तेव्हा पॅरिसात दरवर्षी हजारोंनी मुलं तिथे सोडली जात. लग्न नाही, पैसा नाही, संगीताच्या नकला उतरवून पोट भरणारा माणूस. शिवाय स्वतः जन्मला आणि काही दिवसांत आई गेली. दहाव्या वर्षी घड्याळजी बापही जिनिव्हा सोडून निघून गेला. बाप कसा असतो हे याने पाहिलं किती? आणि ही गोष्ट बाहेर कशी आली तेही सांगा की. १७६४ मध्ये व्होल्तेर या फ्रेंच लेखकाने निनावी पत्रक काढून उघडं पाडलं. त्याचा हेतू मुलांची कणव हा नव्हता, वैर होतं.

सुईदोरा
वैऱ्याने सांगितलं म्हणून खोटं होत नाही, पेठकर. आणि गरिबीचं म्हणाल तर १७५२ मध्ये राजाकडून पेन्शन मिळायची चिन्हं होती, तेव्हा हे साहेब भेटीलाच गेले नाहीत. स्वातंत्र्य जपायचं होतं म्हणे. बरं, जपा. पण मग गरिबीचं कारण सांगू नका. (वर मखलाशी अशी, की मुलं सरकारच्या हवाली करताना मला प्लेटोच्या आदर्श राज्याचा नागरिक झाल्यासारखं वाटलं!)

कट्टेकरी
माणूस नालायक होता, मान्य. माझा मुद्दा अजून तिथेच आहे. हेच 'एमिल' पॅरिस आणि जिनिव्हा दोन्हीकडे जाळलं गेलं, अटकेचा हुकूम निघाला, याला पळावं लागलं. तिकडे जर्मन तत्त्वज्ञ कांट ते वाचण्यात इतका रंगला की रोजचं फिरणं चुकलं अशी आख्यायिका आहे. कांटला त्यातून जे मिळालं ते मुलं टाकल्यामुळे नासलं का?

अर्धी_भाकर
मला दोन्ही बाजू अर्ध्याच पटतात. 'एमिल'च्या पहिल्याच भागात एक जागा आहे. ज्याला बापाची कर्तव्यं पार पाडता येत नाहीत त्याला बाप व्हायचा हक्क नाही. गरिबी, काम, लोकलाज, कशानेही त्यातून सुटका नाही. जो हे टाळेल तो पुढे आयुष्यभर रडेल आणि त्याचं सांत्वन होणार नाही. हे कोणासाठी लिहिलंय ते सांगायला नको. पुस्तकातला एमिलसुद्धा बघा, अनाथ मुलगा आणि त्याला वाढवणारा एकच गुरू. मला तर वाटतं, मुलं घरात असती तर हे पुस्तक झालंच नसतं. १७६१ मध्ये एका सरदारणीने पहिलं मूल शोधायचा प्रयत्नही केला. सापडलं नाही.

जुना_पेठकर
+१. पश्चात्ताप खोटा नव्हता.

पाटीपेन्सिल
ते शोधणं कसं केलं हेही वाचलं मी, आणि तिथेच माझं मन उठलं. पहिल्या बाळाच्या दुपट्यात याने एक कार्ड ठेवलं होतं. कार्डं दोन केली होती, दोन्हींवर सारखीच खूण. एक बाळाबरोबर, एक आपल्याजवळ. म्हणजे कधीतरी ओळख पटावी. त्याच खुणेवरून नंतर शोध घेतला. पण दुसऱ्या बाळाच्या वेळी कार्ड नाही. त्याच्या पुढच्यांच्याही नाही. तोवर सवय झाली असावी.

अर्धी_भाकर, पश्चात्तापाचं तुमचं मला पटलं असतं हो. पण माझ्या वर्गात पहिल्या दिवशी रडणाऱ्या पोराच्या शर्टाला मी नावाची चिठ्ठी टाचते. चाळीस पोरं असली तर चाळीस चिठ्ठ्या लागतात.

कट्टेकरी
ताई, चिंचोके मात्र चालू ठेवा.

पाटीपेन्सिल
चिंचोके माझ्या आजीचे आहेत. रूसोचे नाहीत.