स्तन इम्प्लांटचे माप ठरवताना सर्जनना नेमके काय विचारावे?

निपाणीची_ताई

नमस्कार. माझे वय ३४ असून मी निपाणीत एका पतसंस्थेत नोकरी करते. दोन्ही मुलांना दीड-दीड वर्ष अंगावर पाजले आणि धाकट्याचे दूध सुटल्यानंतर माझी छाती पार ओसरली. डावी बाजू उजवीपेक्षा लहान आहे, हे तर लग्नाआधीपासूनचेच. गेली तीन वर्षे आत पॅड घातल्याशिवाय एकही ब्लाउज अंगाला नीट बसलेला नाही, म्हणून बराच विचार करून, यजमानांशी बोलून आणि सासूबाईंना काही न सांगता, मी गेल्या आठवड्यात बेळगावला एका सर्जनना भेटून आले.

त्यांनी टेबलावर २७५, ३२५ आणि ३५० सीसीची (सीसी म्हणजे मिलीलीटरच) तीन इम्प्लांट, म्हणजे स्तनात बसवायच्या सिलिकॉनच्या पिशव्या, ठेवली आणि कोणते हवे ते सांगा म्हणाले. बाजारात वांगी दाबून बघावीत तशी मी ती दाबून पाहिली, पण त्यातून मला काय कळणार? मी मोबाइलमधला एक फोटो दाखवला, तेव्हा ते हसून एवढेच म्हणाले, "होईल, होईल." या "होईल"मुळेच मी बिचकले आहे. संमतिपत्राचा नमुनाही दिला आहे, तो इंग्रजी आणि कन्नडमध्ये आहे. मी कन्नड सराईत बोलते, पण छापील मजकूर वाचताना अडखळते. इम्प्लांट गोल घ्यावे की थेंबाच्या आकाराचे, माप कसे ठरवावे आणि पुढच्या भेटीत त्यांना काय विचारावे, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांनी कृपया सांगावे.

खानापूरची_लेक

ताई, मी चार वर्षांपूर्वी कोल्हापुरात ही शस्त्रक्रिया करून घेतली. मला पहिल्या भेटीत ज्यांनी फोटोवरून होकार दिला, त्यांच्याकडे मी पुन्हा गेले नाही. ज्यांनी माझ्याच छातीचे माप घेऊन, "या फोटोतल्या बाईच्या बरगड्यांचा पिंजरा तुमच्यापेक्षा रुंद आहे, तुमच्या अंगावर हे असे दिसणार नाही," असे स्पष्ट सांगितले, त्यांच्याकडे शस्त्रक्रिया केली.

घरी करता येण्यासारखी एक गोष्ट सांगते. मोजपात्राने २७५ मिलीलीटर तांदूळ मोजून पातळ पिशवीत भरा, पिशवी जुन्या पायमोज्यात घाला, दुसरीही तशीच करा आणि एक माप मोठ्या ब्रामध्ये घालून दिवसभर घरात वावरा. मी आमच्या शेतातला बासमती वापरला होता. आरशात ३५० छान दिसले, पण परातीत भाकरीचे पीठ मळायला वाकले आणि नंतर दुचाकीवर बसले, तेव्हा ते नको झाले. एक सीसी म्हणजे साधारण एक ग्रॅम धरा. ३५०ची जोडी पाऊण किलोच्या जवळपास जाते आणि तांदूळ त्याहून थोडे हलकेच भरतात. अर्थात यातून आकाराचा अंदाज येतो, निर्णय होत नाही, कारण स्नायूखाली बसवलेले इम्प्लांट बाहेरून त्याच्या मापाच्या मानाने थोडे लहान दिसते.

आणखी एक, पहिले दीड महिना मला पाण्याची कळशी उचलायची मनाई होती. आमच्याकडे नळाला पाणी एक दिवसाआड, तेव्हा हे कोण करणार याची सोय मी आधी लावायला हवी होती, ती लावली नव्हती.

शहापूरच्या_काकू

अगं, मी डॉक्टर नव्हे, बेळगावातल्या शहापुरात पस्तीस वर्षे ब्लाउज शिवते आहे, म्हणून बोलते. कटोरी ब्लाउज कापताना मी प्रत्येक बाईची डावी आणि उजवी बाजू वेगळी मोजते, कारण दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असलेली बाई माझ्या टेपसमोर क्वचितच उभी राहिली असेल. कुणाचा एक खांदा खाली, कुणाच्या बरगड्या एका बाजूला पुढे, कुणाचे टक्सचे टोक अर्धा इंच इकडे किंवा तिकडे. बायकांना ते ठाऊकही नसते, कारण तो फरक मी शिलाईत गुपचूप जिरवते. माझ्याकडे दोन गिऱ्हाइके ही शस्त्रक्रिया करून आली. फरक कमी झाला होता, पण गेला नव्हता, आणि त्यातली एक त्यावरून फार कष्टी होती, कारण तिला तो आधी कुणी सांगितलाच नव्हता.

दुसरे असे की ब्रावरचे ३४बी हे काही सरकारी वजनमाप नव्हे. एका कंपनीचे बी दुसरीचे सी होते. तेव्हा सर्जनला कपाचा आकार मागू नकोस, आणि सहा महिने नवे ब्लाउज शिवायला टाकू नकोस. त्या दोघींपैकी एकीचे लग्नासाठी शिवलेले सहा ब्लाउज मला उसवून पुन्हा शिवावे लागले.

सीमेवरचा_प्लास्टिक_सर्जन

काकूंनी जे सांगितले, तेच मी रुग्णांना सांगत असतो, फक्त टेपऐवजी कॅलिपर, म्हणजे रुंदी-जाडी मोजायचे चिमट्यासारखे साधन, घेऊन. तपासल्याशिवाय मी माप सुचवणार नाही, पण ते कसे ठरवले जाते ते सांगतो. स्तनाच्या पायाची रुंदी, चिमटीत येणाऱ्या त्वचेची व चरबीची जाडी आणि स्तनाग्रापासून स्तनाखालच्या घडीपर्यंतचे अंतर या मापांवरून किती रुंद इम्प्लांट बसेल हे आधी ठरते, आणि सीसीचा आकडा त्यानंतर येतो. रुंदीपेक्षा मोठे इम्प्लांट बसवले, तर कड हाताला लागते, काखेकडे फुगवटा येतो आणि ताणलेली त्वचा कालांतराने पातळ होते. दोन स्तनांमधली फट छातीच्या मधल्या हाडावर आणि तिथे चिकटलेल्या स्नायूवर अवलंबून असते. ती फोटोसारखी अरुंद करून मिळत नाही.

पाजल्यानंतर त्वचा सैल झाली असेल आणि स्तनाग्र घडीच्या खाली उतरले असेल, तर नुसते इम्प्लांट ते वर उचलत नाही. तिथे स्तन उचलण्याची वेगळी शस्त्रक्रिया लागते आणि तिचे व्रण अधिक असतात. तुमच्या बाबतीत पहिला प्रश्न हाच असायला हवा.

गोल की थेंबाचा आकार, याविषयी: थेंबाच्या आकाराचे इम्प्लांट आत फिरू नये म्हणून त्याचा पृष्ठभाग खरबरीत ठेवतात. अशा पृष्ठभागाशी प्रतिकारशक्तीच्या पेशींचा एक दुर्मीळ कर्करोग जोडला गेल्यामुळे २०१९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सूचनेवरून ॲलर्गन कंपनीने आपली बायोसेल प्रकारची इम्प्लांट जगभरातून परत घेतली. गुळगुळीत गोल इम्प्लांट फिरले तरी आकार बदलत नाही, म्हणून मी बहुतेकांना तेच सुचवतो. कोणतेही बसवले तरी काही वर्षांनी एका बाजूला अचानक सूज आली, तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे.

कोणतेही इम्प्लांट जन्मभराचे नसते. त्याभोवती शरीर स्वतःच एक आवरण तयार करते आणि काहींमध्ये ते आवळून स्तन कडक होतो, कधी दुखतोही. सिलिकॉन आतून फुटले तर बाहेरून कळतेच असे नाही, म्हणून त्याच अमेरिकी प्रशासनाची शिफारस अशी आहे की पाच-सहा वर्षांनी आणि त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करावे. हा पुढचा खर्च आज कोणी सांगत नाही, तो तुम्ही विचारा. इम्प्लांटचे नाव, माप आणि अनुक्रमांक असलेले कार्ड मिळणार का, हेही विचारा. सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा डी.एन.बी. पदवी आहे का, हे विचारण्यात संकोच नको. नुसते "कॉस्मेटिक सर्जन" ही पदवी नव्हे. खासगी रुग्णालयाची नोंदणी २००७च्या कर्नाटक खासगी वैद्यकीय आस्थापना कायद्याखाली असावी लागते, ते प्रमाणपत्रही पाहावे.

संमतिपत्र तुम्हाला समजेल अशा भाषेत समजावून सांगणे हे डॉक्टरचे काम आहे, उपकार नव्हेत. मराठीत वाचून दाखवणारे कुणीतरी बेळगावच्या जवळपास प्रत्येक रुग्णालयात असते. मागितल्याशिवाय मिळत नाही, एवढेच.

चिकोडी_५१

माझी गोष्ट वेगळी आहे, कारण कर्करोगात एक स्तन काढल्यावर माझी पुनर्रचना झाली. इम्प्लांटनंतर रेडिएशन घ्यावे लागले, त्यामुळे आवरण आवळले आणि शेवटी पोटाकडची त्वचा व चरबी वापरून दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली. साडीत आता काही ओळखू येत नाही, पण तिथे स्पर्श मात्र कळत नाही, आणि हे मला आधी सांगितलेले असल्यामुळे धक्का बसला नाही. विम्याचे म्हणाल तर निव्वळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेचा खर्च पॉलिसीत बसत नाही. कर्करोगानंतरची पुनर्रचना मात्र सहसा अशी वगळत नाहीत. ज्यांना लागू असेल त्यांनी दाखल होण्याआधीच लेखी मंजुरी घ्यावी.

निपाणीची_ताई

सर्वांचे आभार. काल त्याच सर्जनकडे पुन्हा गेले आणि या वेळी मोबाइल पर्समध्येच ठेवला. "काय होईल ते राहू द्या, काय होणार नाही ते सांगा," असे म्हटल्यावर त्यांनी प्रथमच कॅलिपर काढला. पायाची रुंदी १२ सेंटीमीटर भरली आणि टेबलावरचे ते ३५० त्याहून रुंद निघाले, म्हणजे ते माझ्यासाठी नव्हतेच. मग ते टेबलावर का ठेवले होते, हे मी विचारले नाही. त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागे पेनाने दोन आकृत्या काढल्या आणि दाखवले की डावे स्तनाग्र घडीच्या किंचित वर आहे, त्यामुळे उचलण्याची शस्त्रक्रिया आज लागणार नाही, परंतु ते उजव्यापेक्षा थोडे खाली आहे आणि तसेच राहील. गोल, गुळगुळीत, उजवीकडे २५० आणि डावीकडे २७५, असे सध्या ठरते आहे.

खानापूरकडच्या एका सिस्टरनी संमतिपत्र पाऊण तास बसून मराठीत वाचून दाखवले. पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते, या वाक्याखाली मी स्वतः रेघ ओढली आणि सही न करता कागद घरी आणला. पाणी भरायला कोण येणार, याची अजून जुळवाजुळव व्हायची आहे, आणि त्यासाठी सासूबाईंना सांगावेच लागेल असे दिसते.

काकू, शस्त्रक्रिया झालीच, तर सहा महिन्यांनी मापाला तुमच्याकडे शहापूरला येईन.