शब्दचर्चा : 'सस्पेन्स' म्हणजे रहस्य का? ('पाठलाग'च्या निमित्ताने)

भाषांतरकार, राजारामपुरी : राजा परांजपे यांचा 'पाठलाग' (१९६४) आम्ही काही रसिक मंडळी कोल्हापुरात पुन्हा दाखवणार आहोत. 'लाखाची गोष्ट' किंवा 'जगाच्या पाठीवर' यांच्याविषयी लोक आजही भरभरून बोलतात. 'पाठलाग'ची आठवण मात्र बहुधा हिंदी 'मेरा साया'चा (१९६६) मूळ चित्रपट एवढ्यापुरतीच निघते, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते. माहितीपत्रकात थरारपटांसाठी गाजलेले दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांचा एक मुद्दा द्यायचा आहे आणि तिथेच मी अडले आहे. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला ठाऊक नसेल, तर स्फोटाने त्याला क्षणभर धक्का बसतो. पण ते त्याला आधीच ठाऊक असेल आणि पडद्यावरची माणसे मात्र निवांत गप्पा मारत बसली असतील, तर जे घडते त्याला ते 'सस्पेन्स' म्हणतात. 'मिस्टरी' ते यापासून वेगळी काढतात, कारण ती बुद्धीला घातलेले कोडे असते. मराठीत आपण दोन्हींना रहस्यच म्हणतो. त्यामुळे माझे वाक्य 'रहस्य म्हणजे रहस्य नव्हे' असे होऊन बसते. सस्पेन्सला दुसरा कोणता शब्द योजावा?

ताराबाई पार्ककर : 'उत्कंठा' हा शब्द तयार असताना शोधाशोध कशासाठी करायची? उत् म्हणजे वर आणि कंठ म्हणजे गळा. मान उंचावून पुढे काय होणार याची वाट पाहणे, हाच तर सस्पेन्स आहे. 'उत्कंठापट' हा शब्द आज कानाला नवा लागेल, पण 'दिग्दर्शक' आणि 'मध्यंतर' हे शब्दही एके काळी नवेच होते. ज्या गावात 'हंस पिक्चर्स'सारखी चित्रपटसंस्था उभी राहिली, त्या गावाने चित्रपटासाठी परका शब्द उसना घ्यावा, हे मला पटत नाही.

जुना प्रेक्षक, शुक्रवार पेठ : भाषांतरकार ताई, लक्ष्मीपुरीतल्या चित्रपटगृहांबाहेर आम्ही रांगेत उभे असायचो, तेव्हा पहिला खेळ पाहून बाहेर पडणाऱ्याला सगळे एकच विचारत, "सस्पेन्स आहे का?" आणि लगेच बजावत, "शेवट सांगायचा नाही." शिकलेला आणि न शिकलेला, दोघेही हाच शब्द वापरत असत. जो शब्द गावाने इतकी वर्षे तोंडात बाळगला, तो परका कसा राहील? माहितीपत्रकात सरळ 'सस्पेन्स' लिहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

संस्कृतची शिक्षिका : ताराबाई पार्ककरांनी केलेली फोड बरोबर आहे, परंतु अर्थ पुरा पडत नाही. 'शाकुंतला'च्या चौथ्या अंकात शकुंतला सासरी निघते तेव्हा कण्वांचे हृदय उत्कंठेने भरून येते. तिथे भय नाही आणि पुढे काय होणार याचे कोडेही नाही. आहे ती विरहाची कासाविशी. मराठीत आज हा शब्द पुष्कळ सैल झाला आहे हे मान्य, पण निकालाची उत्कंठा, पाहुण्यांच्या आगमनाची उत्कंठा असेही आपण म्हणतोच. बॉम्ब ठाऊक असलेल्या प्रेक्षकाच्या पोटात जो गोळा येतो, तो या शब्दात येत नाही.

रंकाळावेसकर : मग 'धाकधूक' का नको? त्यात धाकही आहे आणि काळजाची धडधडही. माझी आजी मात्र यासाठी वेगळेच बोलत असे. कुणी रात्री वेळेवर घरी आले नाही की ती म्हणायची, "जीव टांगणीला लागलाय." इंग्रजी शब्दाच्या मुळाशीही टांगून ठेवण्याचीच क्रिया आहे. ती कल्पना आपल्या बायकांनी कोणत्याही परिभाषेवाचून बोलण्यात आणली, याचा मला फार अभिमान वाटतो.

ताराबाई पार्ककर : वाक्प्रचार उत्तम आहे, पण 'टांगणीपट' असे कोणी लिहील काय? परिभाषेला नाम लागते.

रंकाळावेसकर : नामच लागते हा आग्रह इंग्रजीच्या सवयीतून आला आहे. 'इथे दिग्दर्शक आपला जीव टांगणीला लावतो' असे लिहिले, तर वाचकाला काही कमी कळेल का?

रहस्यकथांचा वाचक : मला 'रहस्या'ची बाजू मांडायची आहे. बाबूराव अर्नाळकरांपासून 'रहस्यकथा' म्हटले की गुन्हा, संशय आणि उलगडा हे वाचकाला न सांगता कळते. रत्नाकर मतकरींची 'गूढकथा' आणि नारायण धारपांची 'भयकथा' हे निराळे मार्ग आहेत, हेही तो जाणतो. इतकी बारीक वाटणी मराठीने स्वतःच केलेली असताना तिच्यात शब्दांचे दारिद्र्य आहे, असे समजून चर्चा चालू नये. शिवाय 'पाठलाग'ला हिचकॉक यांची कसोटी लागू होते का, हेच आधी तपासावे. मेलेल्या पत्नीसारखी हुबेहूब दिसणारी स्त्री वकिलासमोर आरोपी म्हणून उभी राहते, आणि ती खरी कोण हे प्रेक्षकालाही ठाऊक नसते. म्हणजे आपण बॉम्ब पाहिलेला नाही. हा चोख रहस्यपट आहे.

भाषांतरकार, राजारामपुरी : हे मला अर्धेच पटते. ती कोण हे आपल्याला ठाऊक नसते, पण त्या वकिलाचे मन डळमळू लागले आहे हे आपण न्यायालयातल्या कोणाहीपेक्षा आधी ओळखतो, आणि त्या भूमिकेतल्या डॉ. काशिनाथ घाणेकरांचा चेहरा पाहताना तो कधी ढासळेल याची धास्ती आपल्याला वाटत राहते. कोडे आणि धास्ती अशी एकत्र नांदतात म्हणूनच हा चित्रपट पुन्हा पाहावासा वाटतो, आणि म्हणूनच मला दोन शब्द हवे आहेत.

संस्कृतची शिक्षिका : 'धास्ती' हा शब्द आपणच आत्ता सहज वापरलात. तो का चालू नये?

जुना प्रेक्षक, शुक्रवार पेठ : धास्ती परीक्षेची असते, सावकाराची असते. तिकीट काढून कोणी धास्ती विकत घेत नाही.

कसबा बावडेकर : मला नावाविषयीच विचारायचे आहे. या चित्रपटात कोण कोणाचा पाठलाग करतो? आमच्याकडे कुत्र्यांनी सशाची 'पाठ घेतली' असे म्हणतात, चोराचा 'माग काढतात', आणि 'पाठलाग' म्हटले की पुढे पळणारा कोणीतरी डोळ्यांसमोर असावा लागतो.

रंकाळावेसकर : 'या डोळ्यांची दोन पाखरे' हे गदिमांचे गीत आठवा, त्यात हा शब्द आला आहे. तिथे पाठीस लागते ती नजर; पळणारा आणि धरणारा असा संबंध तिथे नाही. हिंदीत 'साया' केल्यावर सावली आली, पण सावली नुसती सोबत असते. 'लाग' या शब्दात चिकाटी आहे, पिच्छा आहे, म्हणून मराठी नावच मला अधिक अचूक वाटते.

कसबा बावडेकर : परंतु आंब्याला यंदा लाग चांगला आहे, असेही आपण म्हणतो. तो 'लाग' आणि हा 'लाग' एकच का?

संस्कृतची शिक्षिका : दोन्ही 'लग्' धातूवरून आलेले दिसतात, चिकटणे हा मूळ अर्थ. झाडाला फळ धरते तेही लागणेच.

ताराबाई पार्ककर : मान्य आहे, पण मूळ प्रश्न 'सस्पेन्स'चा होता आणि 'उत्कंठा' नाकारायला इथे कोणी पुरेसे कारण दिलेले नाही, हे मी पुन्हा नोंदवतो.