मदत हवी आहे: वक्रावर (के + डेट ई) शून्य, मग सगळ्या व्हरायटीवर का?

मंडळी, बैजिक भूमितीतलं कुणी असेल तर जरा बघा.

एक्स ही कॉम्प्लेक्स संख्यांवरची, एन मितीची स्मूद प्रोजेक्टिव्ह व्हरायटी (एन किमान ३). ई हे तिच्यावरचं एन−१ रँकचं अँपल (ठोस अर्थाने ‘धन’) व्हेक्टर बंडल. ईचा एक सेक्शन बरोबर एका स्मूद वक्रावर, झेडवर, शून्य होतो. के म्हणजे एक्सचा कॅनॉनिकल डिव्हायझर, डेट ई म्हणजे ईचं डिटरमिनंट लाइन बंडल. झेडच्या जीनसवरून (छिद्रांच्या संख्येवरून) (एक्स, ई) ही जोडी ओळखायची आहे.

जीनस ० समजलं. अ‍ॅडजंक्शनने (के + डेट ई)ची झेडवरची डिग्री −२, म्हणजे ते नेफ (कुठल्याही वक्रावर डिग्री ऋण नसलेलं) नाही. एक्स्ट्रीमल रे (वक्रांच्या शंकूची कड, जिच्यावर हे ऋण आहे) घेतला की त्यातल्या परिमेय वक्रावर डेट ईची डिग्री निदान एन−१ येते, म्हणून रेची लांबी (त्यातल्या परिमेय वक्रांवरची −केची किमान डिग्री) एन किंवा एन+१. उरतात प्रक्षेपी अवकाश, क्वाड्रिक आणि प्रक्षेपी रेषेवरची स्क्रोल (रेषेच्या प्रत्येक बिंदूवर एक प्रक्षेपी अवकाश).

अडलंय जीनस १ला. एलिप्टिक वक्रावरची स्क्रोल वगळली तर (के + डेट ई) नेफ आहे आणि झेडवर त्याची डिग्री ०. पुढे मी वाचत असलेल्या लेखात सरळ लिहिलंय, ‘म्हणून ते एक्सवर ट्रिव्हियल’. कसं? झेड पृष्ठभाग असता तर लेफ्शेत्झ–सोमेझे प्रमेयाने पिकार्ड गटांमधलं (लाइन बंडलांच्या गटांमधलं) रिस्ट्रिक्शन एकास-एक मिळालं असतं. वक्राला तेवढं मिळत नाही.

त्रिमितीय प्रक्षेपी अवकाशात पाहिलं: ओ(१)⊕ओ(३) घेतलं तर प्रतलातला क्युबिक, ओ(२)⊕ओ(२)ने चार डिग्रीचा एलिप्टिक वक्र, आणि नल-कोरिलेशन बंडल २ने ट्विस्ट केलं की पाच डिग्रीचा. सगळीकडे के + डेट ई म्हणजे −४+४, शून्य. पण तिथे पिकार्ड गट म्हणजे नुसते पूर्णांक, त्यामुळे यातून सिद्ध काहीच होत नाही.

प्रतिसाद: पिकार्ड बाजूला ठेवा. एल = के + डेट ई म्हणा. एम किमान १ असेल तर एमएल − के = (एम−१)एल + डेट ई, हे अँपल. म्हणजे बेस-पॉइंट-फ्री प्रमेयाने एलची कुठलीतरी पट ग्लोबली जनरेटेड, आणि तिच्यापासून एक मॉर्फिझम मिळतो. झेडवर डिग्री ०, म्हणून झेड एका बिंदूवर जातो. प्रतिमा एका बिंदूपेक्षा मोठी असेल तर तो बिंदू टाळणारं हायपरप्लेन घ्या आणि ते एक्सवर ओढून आणा: झेडला न छेदणारा डिव्हायझर डी. आता गंमत. डीची मिती एन−१, त्यावर ई अँपल आणि रँकही एन−१. ब्लॉक–गीसेकर (१९७१) सांगतं की सर्वांत वरचा चर्न क्लास धन असतो. म्हणजे सेक्शनला डीवर कुठेतरी शून्य व्हावंच लागतं. विसंगती.

धागाकर्ता: वा! पण यातून फक्त एलची एक पट ट्रिव्हियल झाली. टॉर्शनचं (स्वतः ट्रिव्हियल नाही, पण पट ट्रिव्हियल, अशांचं) काय?

प्रतिसाद: −के आणि डेट ई संख्यात्मकदृष्ट्या सारखे, म्हणून एक्स फानो (−के अँपल असलेली). फानोच्या पिकार्ड गटात टॉर्शन नसतं. पुढची यादी पेटरनेल, शुरेक आणि विश्निएव्स्की यांनी १९९२ मध्ये केली आहे. तुमची तिन्ही उदाहरणं तिच्यात बसतात.

धागाकर्ता: आणि डी इररिड्युसिबल नसेल तर?

प्रतिसाद: त्याचा कुठलाही एक घटक घ्या. तो सिंग्युलर असला तरी ब्लॉक–गीसेकर लागू पडतं.