पित्त नव्हतं ते

१९५५ च्या हृदयविकाराच्या झटक्यानंतर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५६ ची निवडणूक लढवायलाच नको होती, असं काहींचं म्हणणं; मला ते पटत नाही. फौजी माणूस, त्यात रोज चार-चार पाकिटं सिगारेट ओढणारा, आणि १९४९ मध्ये त्याने ती एका झटक्यात सोडली. असा माणूस अंथरुणाला धरून बसेल कशाला? त्यांचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. पॉल डडली व्हाइट यांनीही त्यांना कायम पडून राहायला सांगितलं नाही, हळूहळू कामाला लागा म्हणाले. त्या काळात हे नवीनच होतं. पुढे १९५६ च्या जूनमध्ये आतड्याची शस्त्रक्रिया, १९५७ च्या नोव्हेंबरात पक्षाघाताचा सौम्य झटका, तरी १९६१ च्या जानेवारीपर्यंत कारभार पुरा केला. वारले १९६९ साली, ७८ व्या वर्षी.

पण या वादात राहून जाणारी गोष्ट वेगळीच आहे. २४ सप्टेंबर १९५५ च्या पहाटे अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात आयझेनहॉवर यांच्या छातीत दुखू लागलं, तेव्हा बाहेर आधी 'अपचन' असंच सांगितलं गेलं. आदल्या दिवशी गोल्फ खेळून कच्चा कांदा घातलेला हॅम्बर्गर खाल्ला होता ना! ईसीजी निघाला दुपारी. हे वाचलं आणि गुहागरचं आमचं घर आठवलं. बाबांना रात्री घाम फुटला, आई म्हणाली पित्त आहे, आमसुलाचं सार दिलं. सकाळी चिपळूणला नेईपर्यंत सात तास गेले होते. बाबा वाचले, पण आता घरात कुणी छातीला हात लावला की सार नंतर, गाडी आधी.